वडगाव रासाईत असलं शिबिर नको

आठवी ते बारावीच्या प्रत्येक मुलीची वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी झाली पाहिजे, तीही सक्तीनं, अशी मागणी शिकल्यासवरल्या मंडळींकडून अलीकडे वारंवार ऐकू येते. आठ मार्च जवळ आला की तिला जोर चढतो. फ्लेक्स लागतात, प्रमुख पाहुणे ठरतात, पुण्याहून डॉक्टर आणायचं कबूल होतं. मागणी करणारे बहुतेक जण मनापासून बोलतात. गावाकडच्या मुली दुखणं अंगावर काढतात हे त्यांनी पाहिलेलं असतं आणि त्याची त्यांना खरीच चीड असते. ती चीड मलाही आहे. तरीही ही मागणी चुकीची आहे असं मला वाटतं, आणि ती का चुकीची आहे ते सांगताना मी भलत्याच लोकांच्या बाजूला जाऊन बसणार नाही याचीही खबरदारी घेणार आहे. त्या लोकांचा समाचार पुढे येईलच.

मुंबई-पुण्याच्या सभागृहात बसून हा वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून गाव धरून बोलू. वडगाव रासाई. शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, उसाचं गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. अंगणवाडी, आशाताई, उपकेंद्रावरची सिस्टर ही इथली रोजची आरोग्यव्यवस्था. त्यापुढचं काही निघालं की शिरूर, दौंड, केडगाव-चौफुला, नाहीतर थेट पुणं. कुणाची पोरगी कुणाच्या गाडीवर बसून कुठल्या दवाखान्यात गेली हे संध्याकाळच्या आत चार वस्त्यांवर कळतं. इतक्या लहान जागेत एखादी गोष्ट ‘सक्तीची’ करणं म्हणजे काय, ते शहरात राहणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. ज्या मुलीनं तपासणीला नकार दिला, तिनं नकार का दिला याची चर्चा तिच्या आधी घरी पोचलेली असते.

आता शिबिर डोळ्यांसमोर आणा. विद्यालयाचा हॉल, वर्गवार रांग, कोपऱ्यात पडदा लावून केलेला आडोसा, एक डॉक्टर, एक सिस्टर. दीडशे मुली आणि पाच तास धरले तर एकीच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. त्या दोन मिनिटांत पंधरा वर्षांची मुलगी अनोळखी माणसाला काय सांगेल? पाळी नियमित आहे का, हो. पोटात दुखतं का, थोडंसं. पांढरं जातं का, यावर ती खाली बघेल, कारण मागे रांगेत उभ्या असलेल्या मैत्रिणीला ऐकू जातंय. मग तिच्या हातात लोहाच्या गोळ्यांची पट्टी पडते आणि पुढची मुलगी आत येते. अहवालात मात्र ‘१५० किशोरींची स्त्रीरोग तपासणी’ अशी ओळ जाते. या ओळीचा फायदा कुणाला होतो, याचा हिशेब एकदा कुणीतरी मांडायला हवा.

शिबिरवाल्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा गडचिरोलीचा असतो, आणि तो टाळून पुढं जाणं बरं नव्हे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता; सरासरी काढली तर एकीमागे ३.६ रोग. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया एवढंच, असं धरून चाललेल्या जगाला या आकड्यांनी हलवलं. महाराष्ट्रातल्या एका कोपऱ्यातल्या कामानं जगभरातलं धोरण बदलायला लावलं याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे.

पण या अभ्यासाचा आधार घेऊन ‘म्हणून सगळ्या पोरींना रांगेत उभं करा’ असं म्हणणाऱ्यांनी तो नीट वाचलेला नसतो. तिथं तपासणाऱ्या डॉक्टर त्याच भागात राहत होत्या, बायका त्यांच्याशी बोलत होत्या, गावाशी आधी बोलणं झालेलं होतं. तो एक शोध होता: कुणी मोजलंच नव्हतं ते मोजायचा. त्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना तक्रारी होत्याच. त्या तक्रारी ऐकणारं माणूस मात्र कुठं नव्हतं. शिवाय त्या स्त्रियांमध्ये सगळ्या वयांच्या, संसार केलेल्या, चार-चार बाळंतपणं झालेल्या बायका होत्या. त्यांच्यावरचा ९२ टक्क्यांचा आकडा उचलून नववीतल्या मुलीच्या डोक्यावर ठेवता येत नाही. तक्रार घेऊन आलेल्या बाईची तपासणी आणि काहीच तक्रार नसलेल्या मुलीची तपासणी या वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपला सगळा वाद दुसरीबद्दल आहे.

या दुसरीचा फायदा काय, हा प्रश्न जिथं अशी तपासणी वर्षानुवर्षं सर्रास चालत होती त्या देशांनी स्वतःला विचारून झालेला आहे. अमेरिकेत बाईनं दरवर्षी जाऊन आतून तपासून घ्यायचं अशी रीतच होती. २०१४ मध्ये तिथल्या फिजिशियनांच्या संघटनेनं, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं, सगळे पुरावे तपासले आणि स्पष्ट सल्ला दिला: तक्रार नसलेल्या, गरोदर नसलेल्या स्त्रीची केवळ चाळणी म्हणून आतून तपासणी करू नका. फायदा दिसत नाही. भीती, वेदना, संकोच आणि नको त्या पुढच्या चाचण्या मात्र दिसतात. २०२० मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासानं पंधरा ते वीस वयोगटातल्या मुलींकडे पाहिलं. वर्षभरात अशी तपासणी झालेल्या सुमारे २६ लाख मुलींपैकी जवळपास १४ लाखांची तपासणी बहुधा अनावश्यक होती, असा त्याचा निष्कर्ष. श्रीमंत देशानं पैसे घालवून जी चूक शोधून काढली, ती आपण आता मोठ्या उत्साहानं नव्यानं करायला निघालो आहोत.

इथं शिबिरवाले हात वर करतात. म्हणतात, आतून कोण तपासतंय? आपल्याकडे लग्न न झालेल्या मुलीला डॉक्टर तशा तपासतच नाहीत. आम्ही फक्त पोटावरून सोनोग्राफी करू. झालंच तर रक्त घेऊ.

खरा घोटाळा इथंच आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती अनियमित असणं हा शरीराच्या जमवाजमवीचा भाग असतो. बीजकोशात छोट्या छोट्या गाठींसारखे फुगे दिसणं हेही त्या वयात अगदी नेहमीचं. ते पडद्यावर दिसले की ‘पीसीओडी’ असा शिक्का मारायचा मोह आवरत नाही. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. २०२३ च्या सुधारित सूचनांतही किशोरवयीन मुलींसाठी सोनोग्राफीला निदानाच्या कामातून बाहेरच ठेवलं आहे. तेराव्या वर्षी पाळी आली असेल तर याचा अर्थ एकविसाव्या वर्षापर्यंत थांबा. आणि आपण विद्यालयाच्या हॉलमध्ये मशीन आणून चौदा वर्षांच्या मुलींचे रिपोर्ट वाटणार!

वडगाव रासाईत त्या रिपोर्टचं पुढं काय होईल ते डॉक्टरला ठाऊक नसेल, पण तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. रिपोर्ट आधी आईच्या हातात, मग आजीच्या, मग मावशीच्या. ‘पोरीला गाठी आहेत’ इथपासून ‘मूल व्हायचं नाही म्हणतात’ इथपर्यंत जायला फार दिवस लागत नाहीत. दोन वर्षांनी स्थळ येतं तेव्हा ती गोष्ट मुलीच्या आधी बैठकीत जाऊन बसलेली असते. काही घरांत उलटच होतं: गाठी आहेत म्हणे, लवकर उरकून टाका, लग्न झालं की सगळं जागेवर येईल. शिबिर घेणाऱ्या भल्या माणसांनी एका पोरीचं शिक्षण दहावीला संपवलेलं असतं, आणि हे त्यांना कधी कळतही नाही.

‘सगळं तपासून घेतलेलं बरं’ हे वाक्य ऐकलं की मला बीड आठवतं. उसाच्या गावात बीड फार लांब नसतं. तोड सुरू झाली की मराठवाड्यातून कोयते येतात, गावाबाहेर कोप्या पडतात, आणि आपल्या शेतातला ऊस ज्या बायकांच्या हातांनी कारखान्याला जातो त्यांच्या पोटात गर्भपिशवी आहे की नाही हे आपण कधी विचारत नाही. २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात आकडा दिला: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या बायका डॉक्टरकडे गेल्या नाहीत म्हणून हे झालं का? गेल्या म्हणून झालं. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, एवढी तक्रार घेऊन गेल्या, सोनोग्राफी झाली, ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं, आणि तिशीही न ओलांडलेल्या बायका पिशवी काढून परत फडात उभ्या राहिल्या. पाळीच्या दिवसांतला खाडा वाचला, मुकादमाची कटकट वाचली. सगळेच डॉक्टर असे नसतात हे मान्य. पण बाईच्या ओटीपोटात काहीतरी शोधायचं आणि सापडलं की कापायचं, हा धंदा जिथं इतक्या राजरोस चालू शकला, तिथं शोधण्याच्या मोहिमेला आठवीतल्या मुलींपासून सुरुवात करा म्हणणाऱ्यानं आधी ब्रेक कुठं आहे ते दाखवावं.

विश्वासाचा प्रश्न तर त्याहून जुना. अंगाला हात लावून ‘तपासणे’ म्हणजे मुलगी कशी आहे ते तपासणे, असाच अर्थ आपल्या समाजानं फार काळ घेतला आणि वैद्यकशास्त्रानं त्याला साथ दिली. दोन बोटांच्या चाचणीला कसलाही शास्त्रीय आधार नाही, ती पीडितेवर पुन्हा केलेला अत्याचार आहे आणि ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, हे सर्वोच्च न्यायालयाला ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी परत एकदा ठणकावून सांगावं लागलं. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केला तेव्हा कुठं २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं कौमार्याच्या खुणांचा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. म्हणजे आज दवाखाना टाकून बसलेले बहुतेक डॉक्टर ते शिकूनच बाहेर पडलेत. शाळांचं म्हणाल तर २०२५ च्या जुलैत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत, स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना, पाळी कुणाला आलीय हे पाहण्यासाठी, कपडे उतरवून तपासलं गेलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. ती मुख्याध्यापिका एक बाईच होती, हे ‘बाईमाणूस असलं की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. शाळेतल्या सक्तीच्या तपासणीचं नाव काढल्यावर मुलीच्या पोटात गोळा येत असेल तर त्याला अडाणीपणा म्हणू नका.

इथपर्यंत वाचून काही जणांनी मान डोलावली असेल, याची मला खात्री आहे. बरोबर बोललात, कुमारी मुलीला असल्या डॉक्टरकडे नेऊच नये, आमच्या आज्या कुठं गेल्या होत्या, असं त्यांच्या मनात आलं असेल. त्यांच्यासाठीच पुढचा भाग आहे, आणि माझं त्यांच्याशी भांडण शिबिरवाल्यांपेक्षा मोठं आहे. शिबिरवाल्यांचा मार्ग चुकला. यांना कुठं जायचंच नाही.

आज्या गेल्या नव्हत्या हे खरं. त्या गेल्या नाहीत म्हणून काय झालं ते गडचिरोलीच्या त्या आकड्यांत लिहून ठेवलेलं आहे. पाळीचं दुखणं हे बाईच्या जन्माचंच दुखणं, सोसायचं, असं ज्यांनी ठरवून टाकलंय त्यांनी एक साधी गोष्ट ऐकावी. एखादी मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होते, अंगानं भरते, पण पाळी येत नाही. दर महिन्याला मात्र पोटात कळ येते, चार दिवस लोळते, मग बरी होते. घरचे म्हणतात, उशिरा येईल, आमच्याकडे उशिराच येते. कुणी उतारा टाकतं. प्रत्यक्षात काही मुलींच्या योनिमार्गाचं तोंड जन्मतः पडद्यानं पूर्ण बंद असतं आणि दर महिन्याचं रक्त आत साठत असतं. ओटीपोटात गोळा लागायला लागतो, लघवी अडते. हे ओळखायला आत काही घालावं लागत नाही, नुसतं बाहेरून पाहून जाणत्या डॉक्टरला कळतं, आणि छोट्याशा शस्त्रक्रियेनं मुलगी मोकळी होते. तिला या दोन वर्षांच्या यातना दिल्या त्या रोगानं नाही, ‘तिचं अजून लग्न व्हायचंय’ या एका वाक्यानं.

अंगावरून जास्त जाणाऱ्या मुलीचंही तसंच. आठ-आठ दिवस जातं, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, शाळेत बाकावरून उठायची भीती वाटते, जिना चढताना धाप लागते. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं सांगून झालं. आपण त्यावर गूळ-शेंगदाण्याचा उपाय सांगतो. काही मुलींना रक्त गोठण्याचाच जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्यांदा दिसतो तो पहिल्या पाळीतच. कुणी विचारलं तरच कळणार. अचानक एका बाजूला असह्य दुखू लागलं आणि उलट्या सुरू झाल्या तर बीजकोशाला पीळ बसलेला असू शकतो. तिथं तर तासांचा हिशेब असतो. ‘पाळीचं दुखत असेल, ओवा खा’ म्हणून रात्र काढली की बीजकोश जातो.

आणि हीच घरं, जी डॉक्टरच्या नावानं दचकतात, ती पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून बिनदिक्कत आणतात. घरात सत्यनारायण आहे, नवरात्र आहे, देवीची यात्रा आहे, बहिणीचं लग्न आहे. काउंटरवर सांगायचं, गोळ्या घ्यायच्या, कुणी एका शब्दानं विचारत नाही की मुलीचं वय काय, आधी काही त्रास आहे का, मागच्या महिन्यातही घेतल्या होत्या का. हार्मोनची गोळी चालते, हार्मोनबद्दल डॉक्टरला एक प्रश्न चालत नाही. या शालीनतेला मी काडीची किंमत देत नाही.

शिवाय ‘कुमारी मुली’ म्हणताना आपण कुणाला धरून बोलतोय? त्याच राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. म्हणजे आपल्याकडे सोळा-सतरा वर्षांच्या किती तरी मुली सासरी नांदताहेत. त्यांच्या आयुष्यातली पहिली स्त्रीरोग तपासणी होते ती बाळंतपणाच्या टेबलावर. त्यातही वय खरं सांगितलं तर डॉक्टरला पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून वय वाढवून सांगायचं, नाहीतर दवाखानाच टाळायचा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या बाबतीत थोडी वाट काढली: संमतीच्या संबंधातून गर्भवती झालेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर कळवताना डॉक्टरनं तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे वडगाव रासाईतल्या किती घरांना माहीत आहे? किती डॉक्टरांना माहीत आहे, असंही विचारता येईल.

कॅन्सरचा धाक दोन्ही बाजू वापरतात, म्हणून त्याबद्दल थोडं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तरुण वयातला बहुतेक संसर्ग शरीर आपोआप एक-दोन वर्षांत परतवून लावतं. म्हणून सोळा वर्षांच्या मुलीची त्यासाठी तपासणी जगात कुठलाही शहाणा डॉक्टर सांगत नाही. आपल्या सरकारच्या २०१६ च्या सूचना तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी आहेत, पाच वर्षांतून एकदा. त्या वयात तपासणीनं काय साधतं ते आपल्याच बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या कामानं दाखवलं: तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया, आणि एचपीव्हीची एकच चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर. २००९ मध्ये ते ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलं. उस्मानाबाद म्हणजे काही स्वीडन नव्हे. तिथं जमलं ते शिरूर-दौंडला जमायला हरकत नसावी. तरी देशभरात तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के! म्हणजे हॉलमधल्या रांगेत जिनं उभं राहायला हवं, ती घरी भाकरी थापतेय आणि आपण तिच्या मुलीला रांगेत उभं केलंय. मुलीला हवी आहे ती नऊ ते चौदा वयातली लस. ती आता हडपसरलाच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. ‘सर्व्हावॅक’ नावानं २०२३ मध्ये आली. लस दंडात टोचतात. तिला पडदा लागत नाही, रांगेतल्या कुजबुजीची भीती नाही. आईची तपासणी आणि मुलीची लस, एवढं जरी गावानं मनावर घेतलं तर कॅन्सरचा विषय बराचसा मिटतो.

मग मुलींच्या बाकी दुखण्यांचं काय? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना तेरा ते पंधरा या वयात पहिली भेट व्हावी असं म्हणते, आणि ती भेट बोलण्याची असते हेही सांगते. पाळी कधी आली, किती दिवसांनी येते, किती जातं, किती दुखतं, शाळा बुडते का. उंची, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन. थोडा वेळ आईसमोर, थोडा वेळ आईला बाहेर बसवून. यातल्या कशालाही सलवारची नाडी सोडावी लागत नाही. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी नाही, तीन-तीन महिने खंड पडतो, दुखण्यानं दर महिन्याला शाळा बुडते, असं काही बोलण्यातून निघालं तर पुढची तपासणी, तीही काय करणार ते आधी सांगून, मुलीनं हो म्हटल्यावर, तिला हवं ते माणूस जवळ ठेवून. ती मधेच ‘नको’ म्हणाली तर हात तिथंच थांबले पाहिजेत.

यासाठी नवी योजना काढायची गरज नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ च्या जानेवारीत सुरू झाला. त्याखालची किशोरवयीनांची केंद्रं आपल्याकडे ‘मैत्री क्लिनिक’ या नावानं सरकारी रुग्णालयांत आहेत. पाटी असते, वेळ लिहिलेली असते. ती वेळ कॉलेजच्या वेळेशी जुळते का आणि तिथं जाणाऱ्या एसटीशी जुळते का, हे कुणी पाहिलेलं नसतं. शाळेत वर्षातून एकदा बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यात नर्सही असते. तिला मुलींशी बोलायला एक बंद खोली आणि एक अख्खी दुपार देणं मुख्याध्यापकांच्या हातात आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करावाच लागतो. शिबिराचा मंडप, हार, फ्लेक्स आणि पाहुण्यांचं जेवण यांत जे जातं, त्यात पंधरवड्यातून एक दुपार एक लेडी डॉक्टर उपकेंद्रात बसवता येईल. दुखणं आहे म्हणून गेली, लस घ्यायला गेली, वजन करायला गेली, आईला घेऊन गेली. गावाला कळणार नाही नेमकं कशासाठी, आणि मुलीला हवंय ते तेवढंच.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर याच तालुक्यात, याच भीमेच्या वरच्या अंगाला वढू बुद्रुकला जाऊन या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. १९७० च्या दशकात त्यांनी तिथं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, आणि ते उभं केलं गावातल्याच बायकांना शिकवून, त्यांच्याच हातात औषधं आणि माहिती देऊन. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो अशा कामांसाठी. पुण्यातली एवढी नावाजलेली डॉक्टर वर्षातून एकदा येऊन शंभर बायका तपासून, फोटो काढून परत गेली असती तर आज तिचं नाव घ्यायची वेळ आली नसती.

शेवटचा आक्षेप राहतो, तो दोन्ही बाजूंचा आवडता: सक्ती नसेल तर मुली येणारच नाहीत. पैठण तालुक्यातल्या पाचोडला याचं उत्तर फार पूर्वी मिळालं. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटनं १९९८-९९ मध्ये बारा ते अठरा वयाच्या लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्ग सुरू केले: आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी एक तास, वर्षभर. शरीर, पाळी, खाणं, कायदा, पैशांचा व्यवहार असं सगळं त्यात होतं आणि शिकवणाऱ्या बायका गावातल्याच होत्या. ज्यांच्या शाळा सुटल्या होत्या, ज्या दिवसभर शेतात राबत होत्या, त्या मुलीही आल्या. आईबापांशी आधी बोलणं झालं होतं, त्यांनी पाठवल्या. पुढच्या काही वर्षांत त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरावर गेलं. कुणाला सक्ती केली नव्हती, कुणाची रांग लावली नव्हती. वडगाव रासाईच्या पुढच्या महिला ग्रामसभेत हा विषय आलाच, तर शिबिराच्या ठरावावर सह्या घेण्याआधी तिथल्या नववी-दहावीच्या मुलींना बाजूच्या खोलीत बसवून, शिक्षक आणि सरपंच दोघांनाही बाहेर ठेवून, आशाताईंनी एवढंच विचारावं की कुठली वेळ बरी पडेल आणि आत कोण बसलेलं चालेल.